कॉलेजच्या मुलांनी नदी वाचते का?

नदीकाठी शिबिर लागतं. मुलं प्लॅस्टिक गोळा करतात, बॅनर धरून फोटो निघतो, संध्याकाळी बस परत जाते. मग गावातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘या पोरांनी नदी वाचते का?’ विचारणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते. त्याने अशी शिबिरं बरीच पाहिलेली असतात आणि नदी तर रोजच पाहिलेली असते.

या प्रश्नाचं उत्तर आपण सातपाटीच्या बंदरावर उभं राहून शोधू. पालघर स्टेशनच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेलं हे मच्छीमारांचं गाव पापलेटासाठी ओळखलं जातं. सप्टेंबर 2023 मध्ये हेच पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा ठरलं. नदी वाचवण्याचा विचार आपण एरवी उगमापासून सुरू करतो. पण पाण्याने वाटेत काय काय गोळा केलं ते शेवटच्या टोकालाच कळतं, आणि सातपाटी त्या शेवटच्या टोकाला आहे.

1. पाणलोट म्हणजे घराचं छप्पर

कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. मधोमध आढं आणि दोन्ही बाजूंना उतार. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब पुढच्या अंगणात येतो, पलीकडे पडलेला मागच्या परसात जातो. पागोळ्यांखाली हंडा ठेवला तर त्यात त्या एका उतारावरचं पाणी जमा होतं. त्याबरोबर उतारावरची पानं, माती, पक्ष्यांची घाणही येते. हंड्यातलं पाणी गढूळ असेल तर हंडा कितीही घासून उपयोग नाही. शिडी लावून वर बघावं लागतं.

नदीचं पाणलोट क्षेत्र म्हणजे असंच एक छप्पर. डोंगराचा माथा हे आढं, ओढे-नाले ही पन्हळं, आणि खाडी किंवा समुद्र हा हंडा.

पालघर जिल्ह्यातलं मोठं छप्पर वैतरणेचं. ती नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते. वाटेत पिंजाळ, देहरजे, सूर्या, तानसा या नद्या तिला मिळतात आणि सातपाटीच्या दक्षिणेला ती समुद्राला जाते. मुंबईला पाणी देणारे मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा हे जलाशय याच नदीवर आहेत. सूर्येवर धामणीचं धरण आहे. खाली मासवणजवळ याच सूर्येतून पालघर परिसराच्या नळयोजनेचं पाणी उचललं जातं.

दुसरं छप्पर लहान आहे. बोईसर-पालघरच्या सपाटीवरचे ओढे आणि नाले पश्चिमेच्या खाड्यांना मिळतात, त्यांतली एक मुरबे आणि सातपाटी यांच्यामधली. पालघरच्या लोकांच्या घशात पहिल्या छपराचं पाणी जातं, आणि सातपाटीच्या दारातून वाहतं ते दुसऱ्याचं. दोन्ही छपरांचे त्रास वेगळे आहेत. एकावर पाणी टिकत नाही, दुसऱ्यावर पाणी स्वच्छ राहत नाही.

2. अडीच हजार टँकर कुठे गेले?

आधी पहिल्या छपराकडे पाहू. एक छोटं गणित करू. त्याचा नियम सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमतं.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात वर्षाला ढोबळमानाने 2,500 मिलिमीटर पाऊस धरू. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. 10,000 ला 2,500 ने गुणलं की उत्तर येतं अडीच कोटी लिटर. 10,000 लिटरचा एक टँकर धरला तर एका हेक्टरवर दरवर्षी 2,500 टँकर पाणी आकाशातून रिकामं होतं. तरीही एप्रिल-मे आला की याच भागातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

याचं कारण खडकात आहे. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी मुरायला जागाही कमी मिळते आणि वेळही. पावसाचा बराचसा भाग चार महिन्यांत ओढ्याने नदीला आणि नदीने समुद्राला जातो. जाताना माती घेऊन जातो, आणि ती माती धरणांत आणि खाड्यांत गाळ होऊन बसते.

म्हणून पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हा क्रम सांगतात. आधी डोंगरावर समतल चर खणायचे, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर आडवे चर. मग घळींत दगडांचे छोटे बांध घालायचे आणि शेवटी ओढ्यावर बंधारा. गळकं छप्पर दुरुस्त करताना आपण आढ्यापासून खाली येतो, तसंच हे. उलट क्रमाने काम केलं, तर वरून आलेल्या गाळाने खालचा बंधारा थोड्याच पावसाळ्यांत भरून जातो.

3. खाडीला श्वास लागतो

आता दुसरं छप्पर. इथे प्रश्न पाणी किती आहे हा नाही, कसं आहे हा आहे.

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेऊन जगतो. आपल्याकडच्या उबदार, गोड्या, स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे साधारण सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. तो चारच्या खाली उतरू लागला की अनेक माशांना त्रास सुरू होतो.

हा प्राणवायू संपवतं कोण? पंगतीचं उदाहरण घ्या. पाण्यात सांडपाणी आलं म्हणजे सूक्ष्म जंतूंसाठी पान वाढलं गेलं. जेवढं अन्न जास्त तेवढे जेवणारे जास्त, आणि जेवणारा प्रत्येक जण श्वास घेतो. ही घाण फस्त करायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. समजा एका लिटर सांडपाण्याचा बीओडी 30 मिलिग्रॅम आहे आणि स्वच्छ पाण्यात लिटरमागे 7 मिलिग्रॅम प्राणवायू आहे. तर ते एक लिटर सांडपाणी चार लिटरहून जास्त स्वच्छ पाण्याचा सगळा श्वास पिऊन टाकतं. हवेतून नवा प्राणवायू विरघळत राहतो, पण त्याला वेळ लागतो. कारखान्यांच्या पाण्यात तर जंतूंना पचत नाहीत अशी रसायनंही असतात. त्यांच्यासाठी सीओडी नावाचं वेगळं माप आहे.

याच छपरावर बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं आणि कापड यांचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांतली हवा, पाणी आणि जमीन तपासून शंभरपैकी गुण देतं. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण, आणि सत्तरच्या वर गेलेला पट्टा अतिप्रदूषित. 2018 च्या यादीत तारापूरला 93.69 गुण होते, देशात सर्वांत जास्त.

किनाऱ्यावरच्या लोकांना हे आकड्यांआधीच कळलं होतं. खाडीतली बोय, निवटी, चिंबोरी, कोळंबी ही होडी नसलेल्या घरांची रोजची भाजी आणि रोजची कमाई. खाडीतला बदल सर्वांत आधी या घरांच्या तव्यावर दिसतो. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने इथले अनेक कारखाने आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांना पर्यावरणाची भरपाई भरण्याचा आदेश दिला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या लढ्यातून एक धडा मिळतो. पाणी खराब झालंय हे डोळ्यांना आणि नाकाला कळतं. पण कधी, कुठे आणि किती, हे सांगायला नोंद लागते. महिनोन्‌महिने, एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने केलेली नोंद. आणि इथेच कॉलेजच्या मुलांचा विषय सुरू होतो.

4. ‘सेवेतून शिक्षण’ आलं कुठून?

विद्यार्थ्यांनी समाजासाठी राबावं हा विचार आपल्याकडे जुना आहे. 1959 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवेचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावी, अशी समितीची शिफारस होती. खर्च मोठा असल्याने ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे कोठारी आयोगानेही शिक्षणाला समाजसेवेची जोड द्यायला सांगितलं. अखेर 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, सुरू झाली. पहिल्या वर्षी सुमारे 40,000 विद्यार्थी होते. आज स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करावं लागतं.

‘सेवेतून शिक्षण’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच दशकात अमेरिकेत रुळला, आणि त्याचा जन्म नदीच्या पाणलोटात झाला. 1966 च्या सुमारास टेनेसी नदीच्या खोऱ्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक उपनद्यांच्या विकासासाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना जोडले गेले. त्या कामाचं वर्णन करताना हा शब्द वापरला गेला. नदीने आणि विद्यापीठाने एकमेकांना काय द्यावं, हा प्रश्न या कल्पनेच्या मुळाशीच आहे.

5. एकच बंधारा, तीन प्रकार

सेवेतून शिक्षण हे श्रमदानाहून वेगळं कसं? वनराई बंधाऱ्याचं उदाहरण घेऊ. पावसाळा संपताना ओढ्यात अजून पाणी वाहत असतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्या ओढ्यावर आडव्या रचतात. पाणी अडतं, आजूबाजूला मुरतं. महाराष्ट्रात एनएसएसच्या मुलांनी असे बंधारे मोठ्या संख्येने घातले आहेत.

पहिला प्रकार: मुलांनी दिवसभर गोण्या भरल्या, बंधारा घातला आणि घरी गेली. हे श्रमदान. काम चांगलं झालं, पण त्याचा काय परिणाम झाला हे मुलांना कधीच कळलं नाही.

दुसरा प्रकार: मुलांनी बंधाऱ्याची मापं घेतली, अहवाल लिहिला, गुण मिळवले. हा प्रकल्प. मुलं शिकली, अहवाल कॉलेजच्या कपाटात गेला आणि गावाला काही मिळालं नाही.

तिसरा प्रकार: मुलं आधी पाड्यावर गेली आणि पाणी कुठल्या महिन्यात आटतं ते विचारलं. जागा गावकऱ्यांबरोबर ठरवली. बंधारा घातल्यावर जवळच्या विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरीने मोजली. बंधारा नसलेल्या बाजूच्या विहिरीचीही मोजली, कारण तुलना केल्याशिवाय बंधाऱ्याचा गुण कळत नाही. मे महिन्यात आकडे ग्रामसभेत मांडले. पाणी टिकलं नसेल तर तेही सांगितलं आणि कारण वर्गात तपासलं. हे सेवेतून शिक्षण.

तिसऱ्यात चार गोष्टी आहेत: गावाचा प्रश्न, अभ्यासक्रमातलं ज्ञान, झालेल्या कामावर मागे वळून केलेला विचार, आणि निष्कर्ष गावाच्या हातात परत देणं. चौथी गळली की पहिल्या तीन गोष्टी फक्त विद्यार्थ्याच्या कामाच्या उरतात.

मुंबईत पवईच्या आयआयटीत 1985 मध्ये ‘सितारा’ नावाचं केंद्र स्थापन झालं. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणं हे त्याचं काम. इथले विद्यार्थी गावात मुक्काम करून अभ्यास करतात. ठाणे, रायगड, पालघर या जिल्ह्यांतल्या गावांत नळयोजना असूनही टँकर का लागतो, याचा शोध त्यांनी घेतला. टाकीची उंची, पाइपातला दाब, विजेचं बिल, उन्हाळ्यात आटणारा स्रोत अशा बारीक गोष्टी तपासल्या. केंद्रातले प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांनी हे काम एका संस्थेपुरतं न ठेवण्याचा आग्रह धरला. 2016 मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागची कल्पना हीच: जिल्ह्याचे प्रश्न जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांनी अभ्यासावेत. सातपाटीच्या खाडीचा अभ्यास करायला पवईहून कुणी येण्याची गरज नाही. पालघर, बोईसर, डहाणू, बोर्डी, जव्हार इथली कॉलेजं याच जिल्ह्यात आहेत.

6. प्रयोगशाळेतली बाटली आणि खाडीतली तिथी

खाडीत मोजायचं काय? विज्ञानाच्या पदवी वर्गात शिकवतात त्यातलंच. 1888 मध्ये हंगेरीच्या विंकलरने विरघळलेला प्राणवायू मोजायची रीत शोधली. बुडबुडा न ठेवता बाटली पाण्याने काठोकाठ भरायची आणि तिथेच, काठावर, दोन द्रावणं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो. नसेल तर साका पांढरा राहतो. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढायचा. पण पांढऱ्या साक्याची बाटली हातात धरून उभ्या असलेल्या मुलीला त्या पाण्यात श्वास उरलेला नाही हे समजवायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

ओढ्याचा प्रवाह तर याहून सोपा. दहा मीटरची दोरी काठाने ताणा, संत्रं पाण्यात सोडा. समजा त्याला वीस सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढा 2 मीटर रुंद आणि सरासरी 20 सेंटिमीटर खोल असेल तर पाण्याचा छेद 0.4 चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार 0.2 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 200 लिटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून त्यातून साधारण पंधरा टक्के वजा करा. उरतात 170 लिटर.

पण हे सगळं कधी मोजायचं, ते पुस्तकात सापडत नाही. खाडी दिवसातून चारदा दिशा बदलते. भरतीच्या वेळी बाटली भरली तर समुद्राचं ताजं पाणी येईल आणि खाडी ठणठणीत असल्याचा आकडा मिळेल. खरी अवस्था ओहोटी संपत आली की कळते, कारण तेव्हा वरच्या नाल्यांचं पाणी उतरत असतं. ही वेळ सांगायला किनाऱ्यावरच्या माणसाला घड्याळ लागत नाही, तिथी पुरते. तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. आज पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणून सकाळी दहाच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे बाटली भरायची वेळ सकाळी साडेनऊ-दहाची. उधाणाची मोठी भरती कोणती आणि भांगाची लहान कोणती, गाळ कुठे साचतो, कोळंबीची पिल्लं कुठे सापडायची आणि आता कुठे सापडत नाहीत, हेही काठावरच्या लोकांकडूनच कळतं.

म्हणून या शिक्षणात गुरू दोन असतात. बाटली कशी भरायची ते प्राध्यापक शिकवतात. कधी आणि कुठे भरायची ते होडीवरचे काका आणि खाडीत चिंबोऱ्या धरणाऱ्या मावशी शिकवतात. दोघांपैकी एकाला वगळलं तर आकडा चुकतो.

7. नदीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडलेलं काम पदवीच्या श्रेयांकांत धरलं जातं. प्रत्यक्ष कामाचे 30 तास म्हणजे एक श्रेयांक. दोन श्रेयांकांच्या कामात 40 मुलांच्या वर्गाकडे 40 गुणिले 60, म्हणजे 2,400 तास असतात.

आता खाडीला किती तास लागतात ते पाहू. दर आठवड्याला चार मुलं, तीन ठिकाणं, तिन्ही मिळून तीन तास. वर्षाचे 52 आठवडे. 4 गुणिले 3 गुणिले 52 म्हणजे 624 तास. एका वर्गाच्या वेळेच्या साधारण चौथ्या हिश्श्यात वर्षभर एकही आठवडा न चुकता नोंद होऊ शकते. अडचण मनुष्यबळाची नाहीच. ती वेळापत्रकाची आहे.

नदी सर्वांत जास्त बोलते ती वर्षातल्या दोन वेळा. एप्रिल-मेमध्ये, पाणी कमी आणि घाण दाट असते तेव्हा. आणि जूनच्या पहिल्या पावसात, आठ महिने नाल्यांत साचलेलं सगळं एकदम खाली येतं तेव्हा. नेमक्या त्याच वेळी कॉलेजात परीक्षा किंवा सुट्टी असते. शिबिरं होतात हिवाळ्यात, नदी शांत असताना. शिवाय तिसऱ्या वर्षाची मुलं निघून जातात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. उन्हाळ्याची पाळी गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घ्यायची. सातपाटी, मुरबे, नवापूर इथली मुलं याच कॉलेजांत शिकतात. आणि नोंदवही दोन प्रतींत ठेवायची, एक कॉलेजात आणि एक ग्रामपंचायतीत. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला आधी एकदा खाडीवर नेऊन शिकवायचं, मगच वही सोपवायची.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानुसार न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांची बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही. रसायनांच्या नाल्यात मुलांनी उतरायचं नाही, हातमोज्यांशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, भरतीच्या वेळी चिखलात जायचं नाही. ना आकडा, ना श्रेयांक मुलाच्या जिवापेक्षा मोलाचा.

मग त्या वहीचा उपयोग काय? समजा तीन वर्षांच्या नोंदींत दिसलं, की एका ठरावीक पुलापाशी ठरावीक वारी पहाटेच्या ओहोटीला प्राणवायू घसरतो. तर अधिकाऱ्याने कुठे आणि कधी यायचं ते गाव नेमकं सांगू शकतं. ‘पाणी खराब आहे’ ही तक्रार फायलीत पडून राहू शकते. ‘या पुलाखाली, या वेळी’ अशी तारीखवार तक्रार बाजूला सारणं अवघड जातं. आणि पाणी सुधारलं तर तेही त्याच वहीत दिसेल.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कॉलेजच्या मुलांनी नदी वाचते का? एका शिबिराने वाचत नाही. धामणीचं पाणी कुणी किती न्यायचं, कारखान्याने सांडपाण्याचं काय करायचं, हे निर्णय मुलांच्या हातात नाहीत. पण ज्यांच्या हातात आहेत त्यांना नदीबद्दल अंदाजाने बोलू न देणं मुलांच्या हातात आहे. त्यासाठी एक दोरी, एक संत्रं, काही बाटल्या, तिथी सांगणारं कुणीतरी आणि दर आठवड्याला न चुकता खाडीवर जाणारी चार मुलं लागतात. अशी वही सातपाटीच्या पंचायतीत असेल, तर पुढची बस गावात येईल तेव्हा गावकरी मुलांच्या हाती ती वही देतील आणि म्हणतील, मागच्या आठवड्यापर्यंतचं लिहून झालंय, आजची ओहोटी दहाला आहे.